फिटरमामांची उसनवारी

फिटरमामांच्या मालकीची कुठलीही वस्तू फिटरमामांच्या घरात नसायची. शिडी मारुतीच्या देवळात होती. ताडपत्री शाळेमागच्या एका खळ्यावर. खाट पलीकडच्या गल्लीतल्या एका आजारी म्हाताऱ्यांकडे गेली होती. ते बरे झाले, हिंडूफिरू लागले, तरी खाट तिथेच राहिली, कारण मामांनी ती मागितली नाही. आणि मामांच्या पत्र्याच्या शेडात जे काही पडलेलं असे, ते झाडून सगळं दुसऱ्यांचं. एकदा मामी आमच्याकडे मोठी कढई मागायला आल्या. आईने दिली. घरी जाऊन त्यांनी ती पालथी केली, तर काठावर त्यांच्याच वडिलांचं नाव कोरलेलं.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं आणि आई दरवर्षी त्यांना राखी बांधायची, म्हणून मामा. गोरेगावात बाकी सगळे त्यांना नुसतं ‘फिटर’ म्हणत. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, हळद शिजवायचे कुकर, विहिरीवरच्या मोटारी, जे जे बिघडतं ते सगळं त्यांच्याकडे येई. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चौकातल्या बॅनरवर, आणि तेव्हा ते नव्हते.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती गाडीमुळे. मी लहानपणापासून हिंगोलीला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले, मग नांदेडला लॅबचा कोर्स केला. त्यामुळे गावात मी पाहुण्यासारखीच असे. भाषा येते, पण कुणाच्या दारात उभं राहून हाक मारणं मला जमत नाही. लोकांना वाटतं, पोरगी शिष्ट आहे. तसं वाटू देणं मला सोपं पडतं.

हिंगोलीच्या एका लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं तिथे सकाळी सातपासून येऊन बसतात. गोरेगावातून पहिली जीप भरेल तेव्हा निघते, आणि ती साडेसातच्या आत कधी भरत नाही. लॅबच्या मॅडमनी दोन महिने सांभाळून घेतलं. मग स्पष्ट सांगितलं, “पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात वाजता टेबलावर तू पाहिजेस. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी मुलगी बघते.” हिंगोलीत खोली करून राहणं पप्पांना मंजूर नव्हतं. घरात दोन स्थळांची बोलणी माझी नोकरी सुटायची वाट बघत थांबली होती. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी पप्पा वाशीमकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी पांढरी फोरव्हीलर घेऊन आले. घेऊन आले म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली.

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही चाकांना एकेक लाथ मारली आणि निकाल दिला, “गाडी चांगली हाय दाजी. फक्त चालत न्हाई.”

पप्पा म्हणाले, “हिंगोलीच्या गॅरेजात टाकावी म्हणतो.”

“गॅरेजात काहून? मी मेलो का इथं?”

“फिटर, पाडव्याला निघालीच पाहिजे. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय.”

“पाडवा म्हंजी लई लांब झाला. म्हाशिवरात्रीला बसून जाईल तुमची पोरगी.”

संक्रांत नुकतीच झाली होती. मी कॅलेंडरवर महाशिवरात्रीला पेन्सिलने गोल केला. पेन्सिलने केला हे बरं झालं.

मामांची कामाची पद्धत अशी की आधी सगळं उघडायचं. चार दिवसांत गाडीच्या आतलं बाहेर आलं आणि आमच्या अंगणात गोणपाटांवर पसरलं. क्लच प्लेट झिजलेली, ब्रेक बसलेले, उंदरांनी वायरी खाल्लेल्या, रेडिएटर गळका. हे सगळं त्यांनी बरोबर शोधलं, त्यात शंका नाही. पण एक नट घट्ट करावा तोवर दारात कुणीतरी उभं. “फिटर, कुकर बंद पडला, पन्नास पोते हळद तशीच हाय.” मामा पाना खाली ठेवत. “पाच मिंटात येतो,” असं गाडीकडे बघून म्हणत, माझ्याकडे बघून नाही. आणि ते पाच मिनिटांनी येत असत, फक्त दुसऱ्या दिवशी.

तेही चाललं असतं. पण जाताना ते रिकाम्या हाताने जात नसत.

पप्पांनी गाडीसाठी नवी बॅटरी आणली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या जागेवर नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

“मामा, बॅटरी कुठे आहे?”

“किसनरावच्या वावरात.”

“वावरात?”

“झटका मशीनला लावली. रानडुकरं हरभरा खाऊन राहिले त्याचा.” झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत हलका करंट सोडायची पेटी. डुकराला झटका बसतो आणि ते पळतं.

“पण ती आपली बॅटरी आहे.”

“आपलीच हाय. म्हणून तर दिली. लोकायची देता येती का?”

लोकांचीही ते देत, हे मला माहीत होतं, पण बोलायला शब्द सापडेपर्यंत ते पुढे गेले होते. “उभ्या गाडीत बॅटरी काय करल माय? बसून खाईल. तिकडं चार डुकरं तर हाकलील.”

मग त्यांनी मला सांगितलं, तुला एवढी घाई असेल तर जा आणि मागून आण. मी गेले. किसनरावांच्या दारात चांगली दहा मिनिटं उभी राहिले. आतून आवाज आला, “कोन हाय?” मी म्हटलं, “मी, फिटरमामांकडून.” त्यांच्या घरच्यांनी मला आत घेतलं, बसायला सतरंजी टाकली, आईची तब्येत विचारली, नोकरीचं विचारलं, लग्नाचं विचारलं, चहा दिला. मी सगळ्यांची उत्तरं दिली. बॅटरी हा शब्द तेवढा तोंडातून निघाला नाही. परत आले तेव्हा माझ्या हातात ओल्या हरभऱ्याची एक पेंडी होती.

मामा गाडीखालून म्हणाले, “मागितली का?”

मी पेंडी पुढे केली.

“इंग्रजी शाळेत मागायचं शिकवत न्हाईत का?” असं म्हणून ते बाहेर आले, गोणपाटावर बसले आणि हरभरा सोलून खाऊ लागले. “गोड हाय बरं का. डुकरायला कळतंय.”

महाशिवरात्रीपर्यंत गाडीचा जॅक दूधवाल्या टेम्पोला गेला होता. जादाचं चाक एका बैलगाडीला लागलं होतं. त्या गाडीच्या दुसऱ्या बाजूचं चाक मोठं, त्यामुळे ती गावभर एका अंगाला कलून फिरायची आणि मला दिसली की मी गल्ली बदलायचे. मी चिडून एका पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने ‘डू नॉट रिमूव्ह’ लिहून बॉनेटला चिकटवलं. इंग्रजीतच लिहिलं, कारण रागात मला मराठी सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मामा त्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली झोपलेले होते. “जमीन लई गार व्हती. बरं झालं ठिवलंस.”

आईजवळ तक्रार केली तर ती म्हणायची, “त्याचा स्वभावच हाय.” पप्पा म्हणायचे, “फुकट करून राहिला, काय बोलायचं?” आणि मामी म्हणायच्या, “माझं मंगळसूत्र तेवढं अजून गळ्यात हाय, तेही कुणी मागितलं न्हाई म्हणून.” मामांशी भांडायचं तर त्यांना भांडण कळायला हवं होतं. मी मनात वाक्यं जुळवून जाई. ते म्हणत, “आलीस का? धर हे,” आणि माझ्या हातात ग्रीसने बरबटलेलं काहीतरी देत. दोन महिन्यांत मला क्लच प्लेट बसवता येऊ लागली. भांडण तेवढं राहून गेलं.

खरा प्रश्न रेडिएटरचा होता. त्याच्या गळतीला गॅसचा डाग द्यावा, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवावं लागणार होतं आणि डाग द्यायचा गॅस, सांगायला नको, कुणीतरी नेला होता. मामांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि मामींना हाक मारली, “हळद आण गं.”

“हळद?” मी विचारलं.

“रस्त्यात रेडिएटर गळाला तर ट्रकवाले चिमूटभर टाकतेत. फटीत जाऊन बसती. मुक्कामापर्यंत गाडी बराबर जाती.”

हे खरं आहे. मी नंतर विचारून खात्री केली. पण चिमूट हे माप ज्यांना हळद विकत आणावी लागते त्यांचं. आमच्याकडे त्या दिवसांत दर अंगणात हळद वाळत असते आणि घरातल्या मांजराचे पायसुद्धा पिवळे असतात. मामींनी ताटभर आणली. मामांनी मूठभर टाकली. गळणं कमी झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक मूठ टाकली, कारण पहिल्या मुठीने फायदा झाला होता. तिसऱ्या दिवशी मामा कुकर दुरुस्तीला गेले होते, तर मामींनी आठवणीने टाकली.

संध्याकाळी ते मला बाजारतळावर गाडी शिकवायला नेत. बाजार नसलेल्या दिवशी तिथे शेळ्या आणि मी, एवढेच असू. मामा शेजारी बसत, हात मांडीवर, आणि एकच गोष्ट सांगत: “सुईकडं बघ.” इंजिन किती तापलं ते दाखवणारी सुई. मी म्हणे, “मामा, मी रस्त्याकडे बघू की सुईकडे?” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. “रस्त्याकडं तर बैलबी बघतो. ती वर चढली की थांबायचं, बंद करायची, आणि झाकणाला हात लावायचा न्हाई. कुनी का म्हणंना, लावायचा न्हाई. तोंड भाजतंय.” दिवसातून वीस वेळा हे ऐकून मला स्वप्नात सुई दिसायला लागली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी किसनराव स्वतः बॅटरी घेऊन आले. हरभरा निघाला होता. बैलगाडीवाल्याने चाक आणून दिलं. जॅक आला नाही. पाडव्याला मामांनी गाडीला साखरेची गाठी बांधली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि पप्पांना म्हणाले, “मी म्हणलं व्हतं ना, पाडव्याला निघल.” महाशिवरात्रीचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी निघाले. पप्पा सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. वीसेक मिनिटं गाडी इतकी छान चालली की मला मामांबद्दल प्रेम वाटू लागलं. मग सुई हलली. आधी थोडी, मग सरळ वर. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि सगळीकडे वास सुटला. जळल्याचा नाही. हळद शिजतानाचा, आमच्या गावाचा वास.

उजाडत होतं. मी गाडीबाहेर उभी राहून घड्याळाकडे बघत होते. शेतातून एक माणूस बांधावर आला. डोक्याला पंचा, हातात बॅटरीचा टॉर्च. किसनराव. गाडी नेमकी त्यांच्या वावरापाशी थांबली होती.

“फिटरची गाडी का ही?” म्हणत ते जवळ आले आणि माझ्याकडे निरखून बघितलं. “तू ती चहा पिऊन गेलेली पोरगी न्हाई का?”

“हो. मी तेव्हा बॅटरी मागायला आले होते.” कसं कोण जाणे, पण निघून गेलं तोंडातून.

“बॅटरी? मग बोलायचं न्हाई का माय! आमी म्हणलं, लेकरू बसायला आलं.” आणि बोलता बोलता त्यांनी बॉनेट उचलून झाकणाला हात घातला.

“हात लावू नका!” मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. पलीकडच्या शेतातल्या टिटव्या उडाल्या. किसनरावांनी हात मागे घेतला आणि मग हसले. “आता फिटरची शोभतीस.”

आम्ही वीस मिनिटं थांबलो. त्यांनी फवारणीच्या ड्रममधून बादल्या आणल्या. मी रेडिएटरखालचा बोल्ट सोडला. तो कुठे असतो ते मला माहीत होतं. आतून पिवळं घट्ट पिठलं बाहेर आलं. पाणी ओतलं, सोडलं, परत ओतलं. सहाव्या बादलीला पाणी पाण्यासारखं दिसलं. निघताना त्यांनी दोन भरलेले कॅन मागच्या सीटवर ठेवले. मी म्हटलं, “कॅन परत कुठे देऊ?” ते म्हणाले, “घाई काय हाय?”

दोनदा थांबत, पाणी घालत मी लॅबमध्ये पोचले तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाकावर पाच माणसं उपाशी बसलेली आणि टेबलामागे मॅडम स्वतः रक्त काढत होत्या. त्यांनी माझे हात बघितले. कोपरापर्यंत पिवळे.

“कावीळ झालीय का?”

“नाही मॅडम. गाडी.”

त्यांना काय कळलं माहीत नाही. “हात धू आणि ये. आजचा दिवस सोडला. उद्या सात म्हणजे सात.”

संध्याकाळी मी थेट मामांच्या शेडात गेले. या वेळी वाक्यं जुळवली नव्हती. जे आलं ते बोलले. माझी नोकरी जाता जाता राहिली, तुम्ही जगाची कामं केलीत, माझ्या गाडीत मात्र फोडणी घातलीत. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, “हळदीनं आजपर्यंत कुनाचं वाईट झालेलं न्हाई.” मग थोड्या वेळाने, “जरा जास्ती झाली आसंल.” मग आणखी थोड्या वेळाने, “आवाज चांगला हाय की तुझा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी अंगणात आले तर गाडीचं बॉनेट उघडं आणि रेडिएटर गायब. मॅडम माझ्या जागी बघणार होत्या त्या दुसऱ्या मुलीचं तोंड मला दिसू लागलं. तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दूधवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्याच्या दाराशी मामा.

“चल, बस. साडेसहाला हिंगोलीत सोडतो हा तुला. तीन दिवस उसना घेतलाय ह्याला. तवर डाग देऊन रेडिएटर बसवतो.”

“मामा, हा टेम्पो रोज जातो?”

“रोज.”

“मग दोन महिने मला का नाही सांगितलं?”

“तुझे पप्पा रोज जाऊ देतेत का टेम्पोत? तीन दिवसाला कुनी न्हाई म्हणत न्हाई.” आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “जॅक ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पोरगी येळंवर पोचव.”

तिन्ही दिवस मी दुधाच्या कॅनांमध्ये बसून सातच्या आत पोचले. चौथ्या दिवशी गाडी तयार होती. ती अजून चालते. रोज जाते, रोज येते. स्थळांची बोलणी थकून दुसरीकडे गेली. मध्ये दोन-तीनदा सकाळी उठून बघते तर वायपर नाही, नाहीतर स्टेपनी नाही. मी भिंतीवरून ओरडायचे, “मामा!” आणि पलीकडून उत्तर यायचं, “साडेपाचच्या आत येतंय बघ!” कधी यायचं, कधी मी तशीच निघायचे.

मागच्या थंडीत एका मळणीयंत्राखाली झोपून काम करता करता मामांच्या छातीत कळ आली. लोकांना वाटलं, काम चाललंय, म्हणून कुणी हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवसापासून वस्तू यायला लागल्या. शिडी घेऊन देवळातली दोन माणसं आली. ताडपत्री आली, धुऊन घडी घातलेली. खाट आली, ते म्हातारे स्वतः तिच्या एका पायाला धरून आले आणि ती खाली ठेवल्यावर तिच्यावर बसून रडले. पाने, पकडी, गॅसची टाकी, कुऱ्हाड, दोन पाट्या, एक लग्नातला मोठा पंखा. लोक बोलत नव्हते, आणून ठेवत होते आणि हात जोडून जात होते. किसनराव आले, रिकाम्या हाताने. माझ्याजवळ थांबून म्हणाले, “माझ्याकडं त्याचं काई न्हाई. त्याच्याकडंच माझे दोन कॅन हायत.” ते कॅन माझ्या गाडीत होते. मी काढून दिले. तेराव्यापर्यंत मामांचं घर भरून गेलं. मामी मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, “एवढं आपलं व्हतं? आता ठिवू कुठं मी हे?” पहिल्यांदाच त्या घरात त्यांचं सामान होतं आणि माणसाला बसायला जागा नव्हती.

दूधवाल्याने जॅक आणला होता. मामींनी तो उचलून माझ्या हातात दिला. “तुझा तू घे.” मी तो घरी आणला, पुसला, डिकीत ठेवला आणि डिकीला कुलूप लावलं.

गेल्या आठवड्यात हिंगोलीच्या अलीकडे एका जीपवाल्याने हात केला. चाक बसलं होतं. जीपमध्ये आठ-दहा माणसं, एक बाळंतीण, तिच्या मांडीवर लेकरू. “ताई, जॅक हाय का?” सात वाजायला वीस मिनिटं होती. त्याचं चाक बदलेपर्यंत थांबले असते तर मला उशीर होणार होता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. काच अर्धीच उघडलेली होती.

मी उतरले, डिकी उघडली, जॅक त्याच्या हातात दिला.

“थांबता का ताई?”

“मला वेळ नाही. घेऊन जा.”

“मग परत कुठं देऊ?”

“गोरेगावला. फिटरमामांच्या घरी.”

“ते तर गेले ना?”

“मामी आहेत,” मी म्हटलं आणि निघाले. सातला तीन मिनिटं कमी असताना लॅबचं दार उघडलं.

जॅक अजून आलेला नाही.